तीनपैकी कुठला प्रोग्रॅम घेऊ?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २३, उंची पाच फूट आठ इंच, वजन ५६ किलो. पाच महिने झाले जिमला जातोयस, आठवड्याचे सहा दिवस, तरी दंडाचा घेर टेपवर होता तिथेच आहे. जिममधल्या सरांनी सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे असं कार्ड दिलंय. मित्र म्हणतो पुश-पुल-लेग्ज कर, म्हणजे एक दिवस ढकलायचे, एक दिवस ओढायचे आणि एक दिवस पायांचे व्यायाम. तू स्वतः पाच बाय पाचबद्दल वाचलंस, म्हणजे मोठ्या व्यायामाच्या पाच फेऱ्या (सेट) आणि प्रत्येक फेरीत तो पाच वेळा (रेप्स). तिन्हींतलं कुठलं धरू, असं विचारलंयस.

उत्तर देतो, पण आधी एक सांग. मागच्या महिन्यात बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर आडवं पडून रॉड छातीवरून वर ढकलताना, रॉडवर किती वजन होतं आणि किती रेप्स निघाले? तू एवढं सविस्तर लिहिलंस, व्यायामांची नावं दिलीस, मेसचं जेवणही लिहिलंस, पण हा आकडा त्यात कुठेच नाही. माझ्या मते गाडी अडलीय ती इथे.

मी चौदा वर्षं वजनं उचलतोय. त्यातली पहिली दोन वर्षं माझीही अशीच गेली. आमच्या गावातल्या जिममध्ये दर महिन्याला कार्ड बदलायचे. "एकच व्यायाम केला की बॉडीला सवय होते" असं सांगायचे आणि आम्ही मान डोलवायचो. रोज घाम निघायचा, छाती फुगल्यासारखी वाटायची, दुसऱ्या दिवशी अंग दुखायचं, त्यामुळे काम होतंय अशी खात्रीही वाटायची. दोन वर्षांनी पाहिलं तर बेंचला तेच ४० किलो. मग एका थोरल्या मित्राने शंभर पानी वही हातात दिली आणि म्हणाला, यात लिहिल्याशिवाय रॉडला हात लावायचा नाही. ती वही अजून आहे माझ्याकडे. एका पानावर स्क्वॉटचं, म्हणजे रॉड खांद्यावर घेऊन मारायच्या बैठकांचं, लिहिलंय: "स्क्वॉट ६० किलो, ५, ५, ४. शेवटच्याला गुडघे आत गेले. पुन्हा ६०." खाली पुढच्या वेळचं: "६०, ५, ५, ५. आता साडेबासष्ट." पुढच्या सहा महिन्यांत मागच्या दोन वर्षांपेक्षा जास्त बदल झाला.

स्नायूवर ताण पडतो तेव्हा तो वाढतो, आणि सवयीचा झालेला ताण पुरेनासा होतो. म्हणून ताण थोडा थोडा वाढवत न्यावा लागतो. तुझ्या कार्डावर जे "तीन सेट, दहा रेप्स" छापलेले आहेत ना, ती पद्धत रुळली ती १९४० च्या दशकात. थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय बळकट करायला ती वापरली. त्यांच्या पद्धतीत वजन ठरवून वाढवत न्यायचं, मोजून आणि नोंद ठेवून. आपल्याकडे कार्डावर दहाचा आकडा तेवढा राहिला आणि वाढवण्याचा भाग गळून पडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तालमीतले पैलवानसुद्धा जोर-बैठकांची मोजदाद चोख ठेवायचे. संख्याच वाढवत गेलं की पुढे दम वाढतो. तुला आकार आणि ताकद हवीय, म्हणून तुझ्यासाठी वजन वाढलं पाहिजे.

आता तुझे तीन पर्याय. सोमवारी छातीवालं कार्ड मुळात वाईट नाही. आठवड्यातले एकूण सेट सारखे असतील तर ते एका दिवशी केले की तीन दिवसांत वाटले, याने आकारात फार फरक पडत नाही. पण तू नवा आहेस. एक तर मंगळवारी ऑफिसमध्ये उशीर झाला की पाठीचा व्यायाम थेट चौदा दिवसांनी. दुसरं म्हणजे स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहायचं) ही कौशल्याची कामं आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत ताकद वाढते त्यातला बराच वाटा मेंदू आणि मज्जातंतूंनी ती हालचाल शिकण्याचा असतो. सायकल आठवड्यातून एकदा चालवून कोणी शिकत नाही. सहा दिवसांचं पुश-पुल-लेग्ज चांगलं आहे, पण ते ज्याचा पाया झालाय आणि ज्याचं खाणं-झोपणं जागेवर आहे त्याच्यासाठी. तू रात्री साडेबाराला झोपतोस असं लिहिलंयस, म्हणून सध्या नको.

उरलं पाच बाय पाच. दिशा बरोबर आहे, फक्त प्रत्येक वेळी स्क्वॉटचे पाच सेट हे वजन वाढल्यावर फार दमवतं. मी तुला तीन सेटच सांगेन.

आठवड्यातून तीन दिवस जायचं. एक दिवस स्क्वॉट, बेंच प्रेस आणि रॉड वाकून ओढायचं रोइंग. दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, उभ्याने शोल्डर प्रेस, डेडलिफ्ट आणि लॅट पुलडाउन, म्हणजे मशीनवरचा दांडा वरून छातीकडे ओढायचा. हे दोन आलटून पालटून, म्हणजे या सोमवारी पहिला आला तर पुढच्या सोमवारी दुसरा. स्क्वॉट आणि दोन्ही प्रेस तीन सेट, पाच-पाच रेप्स. रोइंग आणि पुलडाउन तीन सेट, आठ ते दहा. डेडलिफ्टचा वॉर्म-अपनंतर पाचचा एकच सेट, तेवढा पुरतो. मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण थांब, घाई करू नकोस. दंडाचा घेर तुझ्या मनात आहे हे कळतं, म्हणून शेवटी डंबेल कर्ल आणि ट्रायसेप्सचे दोन-दोन सेट घे. त्यात काही गैर नाही.

सगळे सेट नीट पूर्ण झाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढव. इथे एक अडचण येईल, ती आधीच सांगतो. बऱ्याच जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की उडी पाच किलोची होते. स्क्वॉटला ६० वर पाच म्हणजे बारावा हिस्सा, पाय तो कसाबसा पेलतात. पण शोल्डर प्रेसला ३० वर पाच म्हणजे सहावा हिस्सा, तो खांद्यांना जमत नाही, आणि माणूस समजतो की आपली वाढ थांबली. खेळाच्या सामानाच्या दुकानातून सव्वा किलोच्या दोन प्लेट्स घे आणि बॅगेत ठेव. प्रोटीनच्या डब्याआधी हा खर्च कर. माझ्या प्लेट्सचा रंग उडालाय, कडा गंजल्यात, पण अजूनही प्रेसच्या दिवशी त्याच लागतात.

एकाच वजनावर लागोपाठ तीन वेळा अडलास तर दहा टक्के कमी कर आणि पुन्हा चढत ये. असं दोन-तीनदा झालं, साधारण पाच-सहा महिन्यांनी होईल, की समजायचं हा टप्पा संपला. मग आठवड्याचे चार दिवस कर, दोन दिवस वरचं शरीर आणि दोन दिवस खालचं. तेव्हा आकारासाठी सेट वाढवायचे, प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्यात दहा किंवा थोडे जास्त, आणि रेप्स बहुतेक आठ ते बारा. आठ ते बारा हा काही मंत्र नाही. हलक्या वजनाने पंचवीस रेप्स काढल्या तरी, शेवटची रेप निघता निघता निघाली तर, स्नायू वाढतो. पण ताकद ज्या वजनाच्या सरावाने येते त्याच जातीची येते. जड उचलता यावं असं वाटत असेल तर जड उचलण्याचा सराव हवाच, म्हणून पाच रेप्सचा एक व्यायाम तेव्हाही सोडू नकोस.

खाण्याबद्दल. मेसच्या दोन वेळच्या ताटावर ५६ किलोचं ६५ होणार नाही, मग प्रोग्रॅम कुठलाही घे. प्रोटीन शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास धर, म्हणजे तुला रोज ९० ग्रॅम. तू अंडी खातोस, चिकन नाही. चार अंड्यांत साधारण २४ ग्रॅम, अर्ध्या लिटर दुधात १६, कोरड्या ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत २५. पोळी, आमटी, उसळ मिळून उरलेलं भरून निघतं. शिवाय पोट भरल्यावर आणखी एक पोळी आणि मूठभर शेंगदाणे, रोज. महिन्याला किलोभर वजन वाढतंय का ते काट्यावर बघ. वाढत नसेल तर अजून एक पोळी वाढव. झोप सात तास तरी हवी, त्यात तडजोड नाही.

आणि जिममध्ये कोणी "एक कोर्स मार, तीन महिन्यांत फरक दिसेल" म्हणत स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं नाव काढलं तर तिथून निघून ये. चांगल्या तब्येतीच्या पोरांची त्यापायी झालेली दशा मी जवळून पाहिलीय.

दुखापतीचं एवढंच: डेडलिफ्टला कंबर गोल झाली की सेट तिथेच संपला, पाच पूर्ण करायच्या हट्टाला पेटू नकोस. बेंचला जड वजन असेल तर सपोर्टला कोणाला तरी उभं कर. स्नायू भरून येणं चालतं, सांध्यात कळ आली तर थांब आणि डॉक्टरांना दाखव.

सोमवारी सगळे व्यायाम हलक्याने सुरू कर, स्क्वॉट तर नुसत्या रॉडने. खूप सोपं वाटेल, वाटू दे. मात्र रॉड २० किलोचाच आहे असं धरून चालू नकोस. काही ठिकाणी १५ चे असतात, काही ठिकाणी त्याहून हलके. जिममधल्या वजनकाट्यावर आधी नुसता उभा राहा, मग रॉड घेऊन उभा राहा, आणि जो फरक येईल तो वहीच्या पहिल्या पानावर लिही. सहा आठवड्यांनी ती पानं इथे टाक, मग पुढचं बघू.