गाणं पाठीमागून का येतं?

गाडीतल्या आवाजाबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि सोलापुरात गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवणाऱ्या कारागिराची उत्तरं

प्रश्न : माझी सेडान आहे. पुढच्या दारांत कंपनीचेच साडेसहा इंची स्पीकर आहेत. मागच्या काचेखालच्या ट्रेवर नवे सहा बाय नऊचे ओव्हल बसवून घेतले आणि डिकीत चार चॅनलचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) टाकला. चारही स्पीकर त्यावरच चालतात. तेव्हापासून गाणारा माझ्या मानेमागं बसलाय असं वाटतं. आई मागं बसते. तुळजापूरला जाताना निम्म्या वाटेत ती म्हणते, ‘बंद कर बाबा ते, डोकं दुखायलंय.’ आवाज कमी केला तर मला पुढं शब्द कळत नाहीत. पुढंही मोठे स्पीकर घेऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आत्ता काही घेऊ नका. तुमच्या गाडीत सामान चांगलं आहे, फक्त मागचं पुढच्याला दाबतंय. आणि आईंची तक्रार अगदी खरी आहे. त्या ओव्हलचे ट्वीटर, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज काढणारे छोटे स्पीकर, काचेकडे तोंड करून आहेत. तो आवाज काचेवर आपटून थेट त्यांच्या डोक्यावर येतो, तुमच्यापर्यंत पोचतो त्याच्या कितीतरी आधी आणि जास्त जोरानं. तुम्हाला पुढं पुरेसं ऐकू येईपर्यंत त्यांचे कान किटलेले असतात.

गाणं रेकॉर्ड करताना गायकाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच भरतात, म्हणजे ऐकणाऱ्याला तो समोर मध्यभागी वाटावा. कीर्तनाला आपण बुवांकडे तोंड करून बसतो, तसंच हे. गाडीत तो आवाज डॅशबोर्डवरून आला पाहिजे.

तो मागं का सरकतो, हेही सांगतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ च्या प्रबंधात दाखवलं की तोच आवाज दोन स्पीकरमधून थोडा मागं-पुढं, वेळेच्या फरकानं आला, तर कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा धरतो. नंतरचा आवाज ५ ते ३० मिलिसेकंदांनी मागं असेल, तर तो काहीसा मोठा असला तरी वेगळा जाणवत नाही. पण आवाज एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. गाडीत पुढच्या आणि मागच्या स्पीकरचं तुमच्या कानापासूनचं अंतर फार वेगळं नसतं, फरक पडतो तो एक-दोन मिलिसेकंदांचा. एवढ्याशा उशिरानं कान फसत नाही. मग जो मोठा तो जिंकतो, आणि तुमच्याकडे मोठे आहेत ते ओव्हल.

आता काम. गाडी सावलीत लावा, काचा वर घ्या. डेकवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या प्लेअरवर, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारं बटण) मधोमध, बेस-ट्रेबल शून्यावर, लाउडनेस (कमी आवाजात बेस-ट्रेबल चढवणारी सोय) बंद. एका माणसाला डिकीपाशी उभं करा आणि अ‍ॅम्पवर मागच्या चॅनलचा गेन (आवाजाचा जोर ठरवणारा स्क्रू) पार खाली करायला सांगा. तुम्ही ड्रायव्हर सीटवर पाठ टेकून, रोज बसता तसे बसा. डेकचा आवाज पाऊणभर ठेवून पुढचा गेन हळूहळू वाढवायला सांगा. आवाज जरा जरी फाटला की तिथंच थांबून थोडं मागं या. कंपनीचे स्पीकर आहेत, त्यांना जास्त ताणू नका.

मग आकाशवाणीच्या बातम्या लावा. निवेदकाचा आवाज हे मापायला उत्तम, त्यात वाद्यांचा गोंधळ नसतो. आता मागचा गेन अगदी सावकाश चढवायला सांगा. निवेदक काही वेळ डॅशबोर्डवरच राहील, फक्त गाडी भरल्यासारखी वाटेल. एका जागी तो तुमच्या खांद्याकडे सरकायला लागेल. तिथून थोडं परत या. बरोबर जमलं असेल, तर मागचे स्पीकर चालू असल्याचं कळणार नाही, पण फेडर पूर्ण पुढं केला की काहीतरी गेल्यासारखं वाटेल.

आवाज मध्याऐवजी उजव्या दाराकडे ओढला जात असेल, तर त्याचं कारण साधं आहे: आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून उजवं दार कानाला जवळ. बॅलन्स (डाव्या-उजव्या बाजूंत आवाज वाटणारं बटण) एक-दोन घरं डावीकडे घ्या. ही सोय फक्त तुमच्या सीटपुरती, शेजारी बसणाऱ्याला ती उलटीच पडेल.

तुमच्या गाडीला मी आणखी एक गोष्ट करीन. तुम्ही उफर, म्हणजे फक्त बेससाठीचा मोठा स्पीकर, बसवलेला नाही, आणि ओव्हल बेस छान देतात. बऱ्याच चार चॅनल अ‍ॅम्पवर प्रत्येक जोडीला फुल (सगळा आवाज), एचपीएफ (फक्त वरचे सूर), एलपीएफ (फक्त खालचे सूर) असं बटण असतं. मागची जोडी एलपीएफवर टाका आणि शेजारचा स्क्रू १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. पुढची जोडी एचपीएफवर, ८० च्या जवळ. म्हणजे मागून फक्त ठोका येईल, शब्द आणि झांजा पुढून. इतक्या खालच्या सुरांची दिशा कानाला नीट कळत नाही, त्यामुळे ठोकाही समोरूनच आल्यासारखा वाटतो. पुढच्या छोट्या स्पीकरवरचा भार उतरला की ते मोकळे वाजतात. आईंच्या डोक्यावरची किरकिर तर पूर्णच जाते. गाडी पळताना मागं शब्द जरा कमी ऐकू येतील, एवढीच तडजोड. आईंसाठी मी ती आनंदानं करीन. ट्रे थरथरत असेल तर खाली फोमची पट्टी लावा.

एक तपासणी मात्र आधीच करा. ठोका असलेलं गाणं लावून फेडर पूर्ण पुढं, मग पूर्ण मागं, मग मधोमध न्या. मधोमध आणल्यावर बेस वाढण्याऐवजी कमी झाला, तर कुठंतरी प्लस-मायनस उलटं जोडलंय: एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की मोठा पडदा बाहेर यायला हवा. चारही तपासा. हे चुकलेलं असेल तर वरचं सगळं सेटिंग फुकट जाईल.

शेवटचा हात हायवेवर फिरवा. टायरचा आवाज बेस खातो, म्हणून उभ्या गाडीत पुरेसा वाटलेला बेस धावत्या गाडीत कमी पडतो. बटणं शेजाऱ्यानं फिरवायची, तुम्ही नाही. आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात त्या दिवसांत मागच्याचा हॉर्न ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत पुढचा आणि मागचा स्पीकर एकाच वायरवर जोडलाय. फेडर फिरवून फरक पडत नाही, आणि उन्हाळ्यात डेक तापून बंद पडतो.
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : दोन्ही त्रासांचं मूळ एकच आहे. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. चार ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की डेकला दोनच ओहम दिसतात, आणि बहुतेक डेक चारच्या खाली चालवायला बनवलेले नसतात. त्यात आपल्याकडचा मे महिना! फेडर तरी काय करणार, पुढचं-मागचं एकाच तारेवर आहे. डेकमागं बघा, मागच्या स्पीकरच्या चार वायरी बहुधा टेप लावून तशाच सोडलेल्या सापडतील. त्या मागपर्यंत ओढून घ्या. खर्च वायरीचा आणि मजुरीचा. तोवर आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका.

प्रश्न : छोटी हॅचबॅक आहे, पैसे बेताचेच. पुढं घेऊ की मागं?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : सगळे पैसे पुढं घाला. त्यातलेही थोडे दाराच्या पत्र्यावर डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट) लावायला आणि स्पीकरभोवतीची भोकं बुजवायला ठेवा. उघड्या भोकांतून पडद्याच्या मागचा आवाज पुढं येतो आणि पुढचा बेस मारतो. मागं काहीच नसलं तरी चालतं.