स्टाफ पार्टी: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

तुमचा प्रश्न असा आहे: कंपनीत साठेक माणसं आहेत, वार्षिक पार्टीची जबाबदारी यंदा तुमच्यावर आली आहे, आणि माणसांना मजा यावी पण मालकांनाही खर्च वाया गेला असं वाटू नये, यासाठी काय करता येईल. मी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात काम करतो आणि पार्टीची आखणी हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मालकांचा फायदा नेमका कशात आहे ते ठरवू. मनोबल वाढतं, आपलेपणा वाटतो, ही उत्तरं खोटी नाहीत. पण त्यांवरून टेबलं कशी मांडायची एवढंसुद्धा ठरवता येत नाही. माझ्या मते तुम्ही एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा: ज्यांचं रोज एकमेकांवाचून अडतं, पण जे एकमेकांना फक्त ईमेलमधल्या नावाने ओळखतात, त्यांची त्या दिवशी समोरासमोर ओळख झाली पाहिजे.

हे मनचं सांगत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळवणाऱ्या बहुतेकांना ती बातमी जिवलग मित्रांकडून नाही, तर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या तोंडओळखीच्या माणसांकडून लागली होती. कारण सरळ आहे. आपल्या जवळच्या माणसांना साधारण तेच ठाऊक असतं, जे आपल्याला ठाऊक असतं. नवी माहिती लांबून येते. ऑफिसातही तसंच. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे थॉमस अ‍ॅलन यांनी सत्तरच्या दशकात इंजिनिअरांच्या बसण्याच्या जागा आणि त्यांचं आपसातलं बोलणं यांचा मेळ घातला, तेव्हा दिसलं की अंतर वाढेल तसं बोलणं झपाट्याने कमी होतं आणि पन्नास मीटरच्या पुढे जवळजवळ थांबतंच. म्हणजे वरच्या मजल्यावरचा विभाग तुमच्या लोकांसाठी परगावासारखाच. वर्षातून एकदा ही सगळी माणसं एका खोलीत येतात, तेवढी एक संधी तुमच्या हातात आहे.

एका पार्टीत मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. डिस्पॅचमधले एक वयस्कर गृहस्थ आणि अकाउंट्समधली एक नवी मुलगी एका टेबलाला आले होते. माल पोचल्याची सही केलेली पावती वेळेवर येत नाही, म्हणून बिलं अडकायची आणि दोन्ही विभागांत कायम धुसफुस असायची. गप्पा इकडून तिकडे फिरून तिथेच आल्या. तिने विचारलं, "काका, पावती नेहमी दुसऱ्या दिवशी दुपारीच का येते हो?" ते म्हणाले, "अगं, ड्रायव्हर परत येतो रात्री. सकाळी सुपरवायझर तपासतो, सही करतो, मग तुझ्याकडे." ती म्हणाली, "ड्रायव्हरने सही घेतल्या घेतल्या मला फोटो पाठवला तर? बिल मी त्यावरच तयार करून ठेवीन, कागद मागून येऊ दे." काका म्हणाले, "पाठवेल की. आम्हाला वाटायचं तुम्हाला कागदच लागतो." पुढच्या आठवड्यापासून फोटो यायला लागले. दोन्ही बाजूंचे साहेब या प्रश्नावर मीटिंगा घेऊन थकले होते. तुमच्या मालकांना पार्टीचा फायदा समजावायचा असेल तर असा एखादा प्रसंग पुरेसा असतो.

पण हे आपोआप घडत नाही, आणि बहुतेक पार्ट्या इथेच फसतात. कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल इन्ग्राम आणि मायकेल मॉरिस यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यवसायातल्या मंडळींच्या एका मेळाव्यात प्रत्येकाच्या छातीवर इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावला होता, त्यामुळे कोण कुणाशी किती वेळ बोललं हे नोंदलं गेलं. येताना ही मंडळी म्हणत होती की नव्या ओळखी करायच्या आहेत. प्रत्यक्षात त्यांचा बराचसा वेळ आधीच्या ओळखीच्या लोकांतच गेला. तुमच्या पार्टीतही अकाउंट्सवाले अकाउंट्सवाल्यांबरोबर आणि सेल्सवाले सेल्सवाल्यांबरोबर बसतील. यात त्यांचा काही दोष नाही. अनोळखी घोळक्यात जाऊन उभं राहणं कुणालाच सोपं नसतं. ते सोपं करून देणं हे तुमचं काम, आणि माझा सल्ला असा की तुमची निम्मी मेहनत इथेच जाऊ द्या.

टेबलं छोटी घ्या. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी मोकळ्या गप्पांची निरीक्षणं केली, त्यात दिसलं की एका संभाषणात साधारण चार माणसंच टिकतात. पाचवा आला की थोड्या वेळात गप्पांचे दोन तुकडे होतात. दहा-बारा जणांच्या लांबलचक टेबलावर टोकाचा माणूस मुकाट्याने जेवत राहतो. म्हणून चार-पाच जणांची टेबलं, आणि कुणी कुठे बसायचं ते आधी ठरवून दारातच चिठ्ठी द्यायची. या चिठ्ठ्या नशिबावर सोडू नका. आदल्या आठवड्यात एक कागद घेऊन बसा आणि प्रत्येक विभागातल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा, 'तुमचं काम सगळ्यात जास्त कुणामुळे अडतं?' येणारी नावं हीच तुमची टेबलांची यादी. फक्त ज्यांचं ताजं, कडाक्याचं भांडण झालंय त्यांना समोरासमोर बसवू नका. त्यासाठी पार्टी ही जागा नाही. जेवणाच्या मध्यावर एकदा जागा बदलायला लावा. आधी थोडी कुरकुर होईल, पण मनातून बऱ्याच जणांना बरं वाटतं, कारण उठून दुसरीकडे जायला कारण मिळतं. साहेब लोकही याच चिठ्ठ्यांनी बसतील. त्यांचं वेगळं टेबल मांडलंत, तर बाकी सगळं तिथेच संपलं.

आवाजाकडे लक्ष द्या. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच हे मांडलं आणि आज तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गाणी मोठी लावली की एक टेबल ओरडून बोलतं, शेजारचं त्याच्याहून मोठ्याने, आणि अर्ध्या तासात सगळे नुसते हसून माना डोलवायला लागतात. ज्यांना ऐकायला थोडं कमी येतं त्यांची संध्याकाळ तर गेलीच. म्हणून जेवण होईपर्यंत संगीत अगदी हळू, आणि नाचायचं असेल त्यांच्यासाठी नंतर किंवा शेजारच्या वेगळ्या खोलीत. स्टेज, निवेदक, मोठी साउंड सिस्टीम यांवरचा खर्च मी सगळ्यात आधी कापतो. साठ माणसं एकाच दिशेला तोंड करून बसली, तर बोलणार कोण कुणाशी?

खेळांबद्दल एवढंच: लाजवणारे खेळ नकोत. सहकाऱ्यांसमोर पुढे ओढून नाचायला किंवा गायला लावलेला माणूस ते वर्षभर विसरत नाही.

आता वेळ. माझं ठाम मत आहे की पार्टी कामाच्या वेळेत ठेवावी. दुपारी काम थांबवा, जेवा, बसा, आणि नेहमीच्या सुटण्याच्या वेळेला सगळे घरी. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवली की ज्यांची मुलं लहान आहेत, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, जे लांबून येतात, ते एक तर येत नाहीत किंवा घड्याळाकडे डोळे लावून बसतात. शिवाय कंपनी स्वतःचा वेळ देते, तेव्हा तिला ही गोष्ट महत्त्वाची वाटते हे वेगळं सांगावं लागत नाही. मालक म्हणतील, अर्ध्या दिवसाचं काम बुडेल. त्यांना सांगा की कंपनीने घातलेला तो अर्धा दिवस हीच तर खरी भेट आहे. येणं ऐच्छिकच ठेवा. हजेरी घेऊ नका आणि न आलेल्याला नंतर कुणी टोमणा मारणार नाही हे बघा. वर्गणीही काढू नका. कंपनीच्या कार्यक्रमासाठी कर्मचाऱ्याने पदरचे पैसे घालायचे हे मला कधीच पटलेलं नाही.

कुटुंबाला बोलवावं का, हे नेहमी विचारतात. कुटुंब आलं की माणूस साहजिकच कुटुंबापाशी बसतो, ओळखी होत नाहीत. तो वेगळा कार्यक्रम आहे आणि छान कार्यक्रम आहे. जमलं तर दुसऱ्या दिवशी वेगळा करा.

निमंत्रणांची यादी करताना पगारपत्रक समोर घेऊ नका, इमारत डोळ्यांसमोर आणा. सफाई करणारे, रखवालदार, कंत्राटी कामगार, रात्रपाळीची माणसं. यांची नावं पगारपत्रकात नसतात किंवा वेगळ्या पानावर असतात, म्हणून राहून जातात. यांना बोलवायचं ते पाहुणे म्हणून, खुर्च्या उचलायला नाही. त्या दिवशी वाढायला आणि आवरायला बाहेरची माणसं घ्या, आणि स्टेजचे वाचलेले पैसे इथे घाला. काय खात नाही, कशाची अ‍ॅलर्जी आहे, पायऱ्या चढता येतात का, हे एका छोट्या फॉर्मवर आधीच विचारून घ्या. आणि उत्तरांप्रमाणे खरंच व्यवस्था करा, कारण विचारून न करणं हे न विचारण्यापेक्षा जास्त लागतं.

दारूचा निर्णय मालकांनी आधीच घ्यावा. दुपारची पार्टी असेल तर प्रश्न बहुतेक मिटतोच. ठेवायचीच असेल तर मोजकी, जेवणाबरोबर, ठराविक वेळेपर्यंत, आणि घरी पोचवायची गाडी कंपनीची. पार्टीत कुणी कुणाशी गैर वागलं तर 'ते ऑफिसबाहेर झालं' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाबद्दल आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१९ मध्ये केलेल्या १९० क्रमांकाच्या करारात कामाशी निगडित प्रवास आणि सामाजिक कार्यक्रमसुद्धा धरलेले आहेत. तक्रार कुणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावं निमंत्रणातच छापा, आणि त्या दोघांनी त्या दिवशी पिऊ नये. फोटो टाकण्याआधी विचारायचं, हेही निमंत्रणातच येऊ द्या.

भाषण असेल तर एकच, सुरुवातीला, पाच मिनिटांचं, आणि आकडे नकोत. मालकांना सांगा की वर्षभरात कुणी काय केलं ते नाव घेऊन बोला. 'सगळ्यांचे आभार' हे कुणाच्याच वाट्याला येत नाही. 'पाणी भरलं त्या रात्री अमक्याने सर्व्हर उचलून वर नेले' हे त्या माणसाच्या घरापर्यंत पोचतं.

शेवट नीट आखा. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ मधला थंड पाण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांनी एकदा १४ अंशांच्या पाण्यात एक मिनिट हात धरला. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ, आणि वर अर्धा मिनिट पाण्याचा गारवा जरासा कमी होत असताना. पुन्हा कोणतं करायचं असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं, म्हणजे एकूण जास्त त्रासाचं, निवडलं. शेवट बरा होता म्हणून. पार्टीत हे उलट बाजूने लागू पडतं: तीन तास छान गेले आणि मग गाडीसाठी तासभर ताटकळावं लागलं, तर घरी सांगायला तो तासच उरतो. म्हणून गाड्या वेळेवर, आणि जाहीर केलेल्या वेळेला कार्यक्रम बंद.

तारीख ठरवताना एक बघा. पगारवाढ रखडली असेल किंवा माणसं नुकतीच कमी केली असतील, तर त्या महिन्यात पार्टी करू नका. लोक ताटाकडे बघून हिशेबच मांडतील, आणि त्यांचं चुकत नाही.

मालकांना नंतर काय दाखवायचं? हसऱ्या चेहऱ्यांवर खूण करायचा फॉर्म नको. दोन आठवड्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: पार्टीत भेटलेल्या दुसऱ्या विभागातल्या कुणाशी त्यानंतर कामासाठी बोलणं झालं का, आणि कशाबद्दल? आलेली उत्तरं जशीच्या तशी मालकांपुढे ठेवा, परवानगीशिवाय नावं न देता. त्याच वेळी पुढच्या मागणीचंही बोला. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अग्निशमन दलाच्या जवानांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नियमित एकत्र जेवणाऱ्या तुकड्यांचं काम अधिक सरस असल्याचं त्यांच्या अधिकाऱ्यांनी नोंदवलं होतं. तिथे जेवण रोजचं होतं, वर्षातून एकदाचं नाही. म्हणून यंदाच्या बजेटमधून थोडे पैसे बाजूला काढून दर महिन्याला दोन विभागांचं साधं एकत्र जेवण मंजूर करून घ्या. पहिली पाळी त्यांची ठेवा, ज्यांना कामामुळे पार्टीला येता आलं नाही.