पीएम रिपोर्ट ग्रुपवर टाकल्याने तोंडं बंद होत नाहीत

दादा, टाकू नका. शवविच्छेदनाच्या (पीएम) रिपोर्टचं एक पानही गावाच्या ग्रुपवर नको आणि "फक्त पाहुण्यांपुरतं" म्हणून कुणाच्या मोबाईलवरही नको.

मागून वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. सातारा जिल्ह्यातलं गाव, पुतण्याचा खून, अजून आरोपी नाही. ग्रुपवर रोज पुराव्यांचा कीस पाडला जातोय आणि बोट मुलाच्या वडिलांकडे, म्हणजे तुमच्या सख्ख्या भावाकडे. त्यात कुणीतरी अमेरिकेतल्या बोल्डर गावच्या मुलीच्या केसचा व्हिडिओ टाकून "बघा, तिथंही घरचेच" असं ठोकून दिलं. म्हणून तुम्हाला वाटतंय, रिपोर्ट समोर ठेवला की विषय संपेल.

आमच्या घरावरून हे सगळं गेलंय. मी सांगली जिल्ह्यातली, आमच्या घरातल्या खून झालेल्या मुलाची आत्या. आमच्याकडे बोट माझ्या धाकट्या भावाकडे होतं, आणि आमचा गुन्हा आजही उघडकीस आलेला नाही. मी वकील नाही. खाली कलमं लिहिलीत ती तुमच्या वकिलांकडून पडताळून घ्या. एफआयआरची प्रत, जबाबाच्या तारखा लिहून ठेवणं हे तुम्ही केलेलं दिसतंय, त्यात वेळ घालवत नाही.

आधी त्या बोल्डरचं. जॉनबेने रॅमसी, वय सहा. २६ डिसेंबर १९९६ ला सकाळी घरात खंडणीची चिठ्ठी सापडली, पोलीस आले, ओळखीपाळखीची माणसं घरभर वावरत राहिली, आणि दुपारी वडिलांनाच तळघरात लेकीचं प्रेत सापडलं. त्यांनी तिला उचलून वर आणलं. कुठलाही बाप उचलेल. पण ती जागा जशी होती तशी पुन्हा कुणालाच बघता आली नाही. १९९९ मध्ये तिथल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे बघणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आईवडिलांवर आरोप ठेवा म्हटलं, सरकारी वकिलांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून खटला भरला नाही. २००६ मध्ये एका माणसाने स्वतःहून कबुली दिली, डीएनए जुळला नाही, त्याला सोडावं लागलं. २००८ मध्ये पुढच्या सरकारी वकील बाईंनी डीएनएच्या आधारावर कुटुंबाला संशयातून मोकळं करणारं पत्र दिलं. तरी वाद आजही चालू आहे आणि खुनी कोण ते ठरलेलं नाही. "तिथंही घरचेच" हे कुठल्याही कोर्टाने म्हटलेलं नाही. त्या व्हिडिओवाल्याला एवढं एकदा सांगा आणि गप्प बसा.

तुमच्या कामाचं त्या केसमध्ये एक आहे. शवविच्छेदनात त्या मुलीच्या लहान आतड्यात अननसाचे तुकडे मिळाले आणि घरात टेबलावर अननसाचं भांडं होतं. ते तिला कुणी दिलं, किती वाजता दिलं, आईवडील त्यावर काय बोलले, एवढ्या एका गोष्टीवर लोक पंचवीस वर्षांहून जास्त काळ भांडताहेत. आता तुमच्या हातातला पीएम रिपोर्ट डोळ्यांपुढे आणा. त्यातही पोटातल्या अन्नाचा रकाना आहे. "अर्धवट पचलेलं अन्न" ही ओळ गावात गेली की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर हिशेब सुरू होईल: जेवला किती वाजता, वाढलं कुणी, म्हणजे घरातच होता. पचनावरून मृत्यूची वेळ नेमकी सांगता येत नाही, ती ढोबळ असते, हे डॉक्टर सांगतील. कट्टा ऐकणार नाही. आणि वाढणारी तुमची वहिनी आहे.

दुसरं कारण याहून मोठं आहे. जखम नेमकी कुठे होती, कशाने झाली, अंगावर काय होतं आणि काय नव्हतं, हे खुन्याला माहीत आहे आणि तपास करणाऱ्याला. उद्या कुणी पकडला गेला तर पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. त्याने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्याच भागाला किंमत येते. तो तपशील आधीच सगळ्या गावाच्या मोबाईलमध्ये असेल तर त्याचा वकील उभा राहून विचारणार, "हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं, माझ्या अशिलाने नवीन काय सांगितलं?" आणि कोर्ट ते ऐकतं.

साक्षीदारही असेच हातचे जातात. आमच्या गावातल्या किराणा दुकानदाराने पहिल्या जबाबात सांगितलं होतं की दिवेलागणीला मुलगा एका अनोळखी मोटारसायकलवाल्याशी बोलताना दिसला. पुढे ग्रुपवर माझ्या भावाचं नाव फिरायला लागलं. हळूहळू त्या दुकानदाराची मोटारसायकल "ओळखीची वाटली" इथवर आली. तो माणूस खोटारडा नव्हता. रोज तेच तेच ऐकून त्याच्या डोक्यातलं चित्र बदललं. त्याच्या दुकानात जाऊन त्याच्याशी वाद घालावा असं भावाला फार वाटायचं, आम्ही जाऊ दिलं नाही. तुम्हीही कुठल्या साक्षीदाराच्या दारात जाऊ नका, साक्ष फिरवायला गेले म्हणून उलट तुमच्यावरच शेकेल.

आता ज्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते सांगते. ते गाव नव्हतं. एक सरकारी ऑफिस होतं, नाव घेत नाही.

मुलगा उसाच्या फडात सापडला, पावसाळ्याचे दिवस. अंगावरचा शर्ट आणि हाफ पँट चिखलाने आणि पाण्याने निथळत होती. पंचनाम्यात ते कपडे व्यवस्थित लिहिलेत, रंगासकट, तुटलेल्या बटणासकट. पण ठेवले कसे? कापडदुकानाच्या गुलाबी कॅरीबॅगेत, वर गाठ मारून. मी ते डोळ्यांनी बघितलंय. मुद्देमालाच्या, म्हणजे जप्त वस्तूंच्या, खोलीचं दार उघडं होतं. खाली हातभट्टीचे जप्त कॅन, वर फळीवर ती पिशवी, आतून बाष्प धरलेलं, एका कोपऱ्यात पाणी साठलेलं. मी तिथल्या माणसाला म्हटलं, "भाऊ, हे ओलं आहे." तो म्हणाला, "ताई, सायबांची सही झाली की जाईल लॅबला." मग सही झाली तर पत्रात त्रुटी. त्रुटी निघाली तर मुद्देमाल घेऊन जायला माणूस नाही, गणपतीचा बंदोबस्त. बंदोबस्त संपला तर निवडणूक.

रक्ताचे, कुठल्याही डागाचे कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचे असतात. ओले प्लॅस्टिकमध्ये कोंडले की बुरशी येते आणि डीएनए सडतो. फॉरेन्सिकचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. आमचा सीए (लॅबच्या केमिकल अ‍ॅनालायझरचा) रिपोर्ट आला तेव्हा त्यात एवढंच होतं की तपासणीयोग्य डीएनए मिळाला नाही. लॅबचा त्यात काहीच दोष नाही, त्यांच्यापर्यंत पोचलं ते त्यांनी तपासलं. पण तो रिपोर्ट फुटला आणि गावाने अर्थ काय काढला? "परक्याचा डीएनए नाही, म्हणजे घरचाच." सडून गेलेल्या कपड्यात काही मिळालं नाही, यावरून माझा भाऊ खुनी ठरला. त्याची सोयरीक मोडली. तो आता गावात राहत नाही. त्या ऑफिसातल्या कुणाला साधी नोटीससुद्धा गेली नाही, आणि ही गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की लोकांशी पुराव्यावर भांडण्यात ताकद घालवू नका. ती सगळी ताकद वस्तू कुठे आहेत, कशा आहेत आणि कधी गेल्या, यावर लावा. नोएडातल्या आरुषी तलवारच्या केसमध्ये बघा. २००८ चा खून, तिच्या डॉक्टर वडिलांच्या मदतनिसाच्या खोलीतल्या उशीच्या अभ्र्यावर, तिच्यासोबत खून झालेल्या घरच्या नोकराचा डीएनए असल्याचं हैदराबादच्या लॅबच्या कागदावर होतं. पुढे लॅबने ती टायपिंगची चूक, दोन वस्तूंच्या वर्णनांची अदलाबदल झाली असं सांगितलं. एका लेबलावर दोन बाजू वर्षानुवर्षं लढल्या. आईवडिलांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने सोडलं.

आमच्या वेळी धरायला काही नव्हतं, तुमच्याकडे आहे. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूच्या एका खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितलंय की डीएनएचे नमुने घेतल्यापासून ४८ तासांत लॅबला पोचले पाहिजेत, उशीर झाला तर कारण लिहिलं पाहिजे, आणि नमुना कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला याचं रजिस्टर ठेवलं पाहिजे. वकिलांकडून या निकालाचा उल्लेख करून एक साधा लेखी अर्ज द्या. आरोप नको, राग नको, फक्त प्रश्न: कुठला मुद्देमाल, कुठल्या तारखेला, कुठल्या जावक क्रमांकाने, कुठल्या लॅबला गेला. तुमच्या भागातला माल पुण्याला किंवा कोल्हापूरला गेला असेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "नंतर या" म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत एसपी ऑफिसला. माहिती अधिकारात तपासाचा मजकूर मागितला तर नकार मिळेल, तारखा आणि जावक क्रमांक मागितले तर नाकारायला त्यांना जड जातं. तसंच नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे बीएनएसएसच्या कलम १९३ मध्ये, ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवायचं बंधन आहे. कळवलं नसेल तर तेही त्याच अर्जात लिहा.

आणि "अ समरी" वर लक्ष ठेवा. गुन्हा खरा, पण आरोपी मिळत नाही, असा तो अहवाल. तो कोर्टाने मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायला हवं, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच सांगितलंय. नोटीस आली की घाबरू नका, हरकत नोंदवा आणि त्यात एक मागणी ठळक घाला: मुद्देमाल नष्ट करू नये. केस बंद झाली की मुद्देमालाची विल्हेवाट लागू शकते, मग दहा वर्षांनी चांगलं तंत्र आलं तरी तपासायला हातात काही उरत नाही. खुनाला मुदत नसते, पुढचा तपास कधीही उघडता येतो, पण वस्तू शिल्लक असेल तरच. खाली दाद लागली नाही तर आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, सातारा-सांगली त्यातच येतात. माझ्या मते आमदाराच्या पत्रासाठी हेलपाटे घालण्यापेक्षा एक नीट लिहिलेली याचिका बरी. इथल्या काही सदस्यांना हे पटणार नाही, त्यांचा अनुभव वेगळा असेल.

फ्लेक्सचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मुलाचा फोटो लावून "न्याय द्या" चा फ्लेक्स चौकात लावू नका, मेणबत्ती मोर्चातही फोटो नको. गुन्ह्यात बळी पडलेल्या मुलाची ओळख छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, आणि पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं) कलम लागलेलं असेल तर आणखी कडक. ज्या यूट्यूबवाल्याने घराचा आणि शाळेचा व्हिडिओ फिरवलाय, त्याच्याविरुद्ध हेच कलम तुमच्या उपयोगी पडेल. तुम्हीच फोटो लावले असतील तर तो तेच पुढे करेल.

आणखी एक. कुणीतरी देवऋषाकडे न्यायला बघेल, "नाव निघतं" म्हणून. आमच्याकडे निघालं होतं, शेजारच्या विधवा बाईचं. तिच्या दारावर दगड पडले. साताऱ्याच्या दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य घातलं तो २०१३ पासून लागू आहे, असं कुणी नाव काढलं तर सरळ तक्रार द्या, मग तो तुमच्या बाजूचं नाव काढो की विरुद्ध बाजूचं.

पैशांचं बोलायला तुम्हाला आत्ता नको वाटेल, पण आरोपी सापडलेला नसला तरी मुलाच्या आईवडिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, बीएनएसएस कलम ३९६. हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं.

ग्रुपचं काय करायचं? भावाला आणि वहिनीला त्यातून बाहेर काढा. तुम्ही स्वतः रहा, पण बोलू नका. कुणी थेट खुनी म्हणून नाव घेतलं तर स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट वकिलांना द्या, तिथे उत्तर देऊ नका. पुतण्याला भावंडं असतील तर शाळेच्या बाईंना जाऊन भेटा, कारण मुलं वर्गात काय ऐकतात ते घरी सांगत नाहीत.

मुद्देमालाच्या अर्जाचा आमचा मसुदा माझ्याकडे आहे. नावं खोडून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, तुमच्या वकिलांना दाखवून मगच वापरा.