वाचकांचे प्रश्न : शिंगातून रक्त, सडावर मस्से आणि गाठींचा गोंधळ

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये बहुतेक पत्रं गाठींचीच आहेत. २०२२ च्या लंपीनं अकोला-बुलडाण्यापासून सगळीकडे जी धास्ती बसवली ती अजून गेलेली नाही, जनावराच्या अंगावर काहीही वर आलं की लंपी, आणि लंपी नसेल तर मग कॅन्सर, असं दोनच खान्यांत सगळं टाकलं जातंय. त्यात मुक्या जिवाचं नुकसान होतं, म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न : डॉक्टर साहेब, आमच्याकडे गवळाऊ बैल आहे, वय सात-आठ वर्षं असन. पोळ्यापासून एकाच शिंगानं खुटा घासते, डोकं झटकते, आन् आता त्याच बाजूच्या नाकातून रक्त येऊन राहिलं. कोणी म्हणते शिंगात किडा गेला, कोणी म्हणते लंपी अंगात राहिली, बाजार दाखवा म्हणते. काय करू?
— एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, बाजाराचं आधी डोक्यातून काढा. शिंग घासणं, डोकं झटकणं आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त, हे तिन्ही सोबत आलं की मला पहिला संशय शिंगाच्या कॅन्सरचा येतो. मोठ्या बैलाचं शिंग वरून कितीही टणक दिसलं तरी आत हाडाचा गाभा असतो, तो गाभा पोकळ असतो आणि ती पोकळी कपाळातून थेट नाकापर्यंत जोडलेली असते. हा कॅन्सर त्या आतल्या अस्तरात सुरू होतो, त्यामुळे वरून शिंग ठणठणीत दिसत असतानाच रक्त नाकातून यायला लागतं आणि माणूस नाकाचाच इलाज करत बसतो.

आज संध्याकाळी बैल कोठ्यात आला की एवढं करून बघा. दोन्ही शिंगांवर बोटाच्या पेरानं टकटक करा. चांगलं शिंग पोकळ वाजतं, दुखरं शिंग भद्द वाजतं आणि बैल लगेच डोकं ओढून घेतो, त्या शिंगाच्या बुडाशी तळहात ठेवला तर दुसऱ्यापेक्षा गरमही लागतं. जास्त दिवस गेले की शिंग बुडातून ढिलं होतं, एका अंगाला कलतं, घाण वास येतो, आणि शेवटी गळून पडतं तेव्हा आतून लाल मांसाचा गोळा वर आलेला असतो. त्या ओल्या जागेवर माश्या बसतात, अळ्या पडतात. लोकांच्या नजरेस पहिल्यांदा पडतात त्या अळ्याच, म्हणून 'शिंगात किडा गेला' म्हणतात, पण अळ्या मागून येतात, दुखणं आधीचं असतं. एक मात्र आहे, बैल झुंजला असेल किंवा कुठं शिंग आपटलं असेल तर मोडलेल्या शिंगातूनही नाकात रक्त येतं, म्हणून तसं काही झालं होतं का ते डॉक्टरला नक्की सांगा.

हा लंपीचा प्रकार नाही आणि लागटही नाही, याच्यामागे कोणता वायरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही. जोडीच्या बैलाला याच्यापासून काही होणार नाही, त्याला वेगळं बांधायची गरज नाही. हा आजार मुख्यतः खच्ची केलेल्या बैलांचा, साधारण पाच ते दहा वर्षांच्या वयातला, गाईंत कमी आणि म्हशींत क्वचितच. खच्चीकरणामुळे बदललेले हार्मोन्स, जुवाचा आणि दोराचा वर्षानुवर्षं शिंगाच्या बुडाशी होणारा घासा, आणि शिंगं साळणं, अशी कारणं जाणकार मांडतात. पोळ्याच्या आधी काचेच्या तुकड्यानं नाहीतर पटाशीनं शिंगं पार आतल्या जिवंत भागापर्यंत साळतात ना, ते मला कधीच पटलं नाही. बेगड लावा, झुल घाला, पण शिंग खरवडून जखमी करू नका.

इलाज ऑपरेशन. बैलाला गुंगीचं इंजेक्शन देतात, शिंगाची नस बधिर करतात, शिंग बुडातून काढून कातडी ओढून टाके घालतात आणि बऱ्याचदा सोबत कॅन्सरची इंजेक्शनं देतात. तुमच्या बैलाचं शिंग अजून ढिलं झालेलं नसेल तर हीच वेळ आहे, उशीर केला तर तो गोळा कपाळाच्या पोकळीत उतरतो आणि ऑपरेशन करूनही परत येतो. १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, फिरतं पथक येऊन बघेल. तालुक्यात ऑपरेशन जमत नसेल तर नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था गाठा, आणि काढलेल्या मांसाचा तुकडा तपासायला पाठवायला सांगा. दुखते म्हणून मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफेनॅक आणून टोचू नका, जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. आपल्या गडचिरोलीत थोडी उरली आहेत, ती राहू द्या.

बरेच जण इथंच अडतात की एका शिंगाचा बैल पोळ्यात कसा उभा करायचा. अहो, जुवाचा भार मानेवर असतो, शिंगावर नाही, जखम पूर्ण भरली की बैल पहिल्यासारखा वखर ओढतो. ज्यानं तुमचं वावर एवढी वर्षं वाहिलं त्याला तोरणाखाली एका शिंगानं उभं करण्यात लाज कसली. आणि आजार लपवून विकला तर घेणारा तुमच्यासारखाच कोणी कास्तकार असतो, हेही लक्षात घ्या.

प्रश्न : माझ्या पहिलारू गाईच्या सडांवर आणि मानेवर बारीक-मोठे मस्से आले आहेत. शेजारच्यांनी लंपी आहे म्हणून आमचं ढोर गावच्या हौदावर येऊ देणं बंद केलं. दूध डेअरीत द्यावं का? मस्से जाळायला चुना-सोडा लावू का?
— एक वाचक भगिनी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : ताई, चुना-सोडा अजिबात लावू नका, सडाची कातडी फार नाजूक असते, ती जळाली की काससुजी झालीच समजा आणि मग तो सड कायमचा जातो.

तुमच्या फोटोत जे दिसतंय ते कोरडं आहे, वर फुलगोभीसारखं फुटलेलं आहे, आणि तुम्हीच लिहिता की दिवाळीपासून हळूहळू वाढत गेलं आणि गाय खाऊन-पिऊन मजेत आहे. लंपी अशी सावकाश येत नाही. लंपीत आधी सणसणून ताप, १०४-१०५ पर्यंत, डोळ्या-नाकातून पाणी, खांद्यापुढची गाठ सुजते, आणि मग दोन-चार दिवसांत अंगभर दोन ते पाच सेंटीमीटरच्या गोल कडक गाठी येतात, पाय सुजतात, दूध एकदम पडतं. तुमच्या गाईला यातलं काहीच नाही, मला तरी हे साधे मस्सेच वाटतात.

पण मस्सेही वायरसनंच होतात बरं का, पॅपिलोमा म्हणतात त्याला, आणि शेजारच्यांची भीती अगदीच खोटी नाही. तो पसरतो कातडीवरच्या बारीक जखमांतून, एकाच दाव्यानं, एकाच खरार्‍यानं, आणि सगळ्यात जास्त धार काढणाऱ्याच्या हातानं. म्हणून ही गाय सगळ्यात शेवटी पिळा, नंतर हात साबणानं धुवा, तिचं दावं वेगळं ठेवा. हौदावर पाणी प्यायला मात्र काही हरकत नाही, तसं शेजारच्यांना माझ्या नावानं सांगा. हा जनावरांचा वायरस माणसाला मस्से देत नाही, दूध नेहमीसारखं उकळून प्यायला चालतं, फक्त सडावर जखम किंवा रक्त असेल तर त्या सडाचं दूध डेअरीत घालू नका.

कमी वयाच्या जनावरांत हे मस्से बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप सुकून गळतात. खूपच वाढले, पिळताना फुटायला लागले तर डॉक्टर ते काढतात, कधी त्याच मस्स्यांपासून लस बनवून टोचतात. घोड्याच्या केसानं बांधून पाडायची जुनी रीत मानेवरच्या देठाच्या मस्स्याला एकवेळ ठीक, सडावर नको. आणि लंपीची लस मात्र दरवर्षी घ्याच. ती शेळ्यांच्या देवीची लस असेल आणि कोणी नाक मुरडलं तर सांगा की दोन्ही वायरस एकाच कुळातले आहेत म्हणूनच ती लागू पडते.

प्रश्न : शेतावरच्या कुत्र्याच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडतात, लाल गोळा दिसतो. गरमी झाली म्हणतात. पोरं त्याच्यासोबत खेळतात, म्हणून सोडून द्यावं का?
— ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : सोडून दिलं तर तुम्ही तो आजार गावभर वाटाल, म्हणून ते करू नका. ही गरमी नाही, हा कुत्र्यांचा लागट ट्यूमर आहे, आणि याची गोष्ट खरंच अजब आहे. हा वायरसनं पसरत नाही, कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात, जोडा लागताना नाहीतर चाटताना हुंगताना. जगभरातल्या कुत्र्यांचा हा ट्यूमर हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून चालत आलाय हे त्याच्या जनुकांवरून सिद्ध झालंय. माणसाला, तुमच्या पोरांना, काही होत नाही.

आणि हा बरा होतो, चांगला होतो! व्हिन्क्रिस्टीन नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, बहुतेक कुत्र्यांना चार ते सहा पुरतात. हे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून निघतं, पण म्हणून पाला वाटून पाजू नका, ते विष आहे आणि डोस मिलिग्रॅमच्याही अंशात मोजावा लागतो. शिरेच्या बाहेर गेलं तर मांस सडतं, म्हणून हे काम डॉक्टरचंच. इलाज चालू असताना कुत्रं बांधून ठेवा, बरं झालं की नसबंदी करून घ्या, रेबीजची लसही त्याच खेपेत होईल.

प्रश्न : गावरान कोंबड्यांची तीन-चार महिन्यांची पिल्लं लंगडतात, एक पाय पुढं एक मागं टाकून पडून राहतात. एक कापली तर काळजावर पांढऱ्या गाठी. हा कॅन्सर वायरसनं होतो का?
— ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : हो, मरेक्स दिसतोय, आणि हा खरोखर वायरसनं होणारा कॅन्सर आहे. कोंबडीच्या कॅन्सरमागे वायरस असू शकतो हे अमेरिकन शास्त्रज्ञ पेटन राउस यांनी दुसऱ्या एका ट्यूमरवर १९११ मध्येच दाखवलं होतं, त्यांना नोबेल मिळालं १९६६ ला, एवढी वर्षं लोकांना ते पटायला लागली. मरेक्सला इलाज नाही. लस असते, पण ती अंड्यातून निघाल्या दिवशीच टोचावी लागते, म्हणून पिल्लं विकत घेताना मरेक्सची लस दिली का ते विचारा. खुडूक कोंबडीखाली काढलेली पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे मोठ्या कोंबड्यांपासून दूर ठेवा, वायरस पिसांच्या धुळीत असतो, खुराडं झाडून चुना मारा. माणसाला हा होत नाही, तरी आजारी कोंबडी खाऊ नका.

प्रश्न : बकरीच्या पिलांच्या ओठांवर खपल्या आल्या, त्यांना औषध लावून माझ्या बोटावरही फोड आला. घाबरू का?
— ता. रिसोड, जि. वाशिम

उत्तर : घाबरू नका, पण यावेळच्या सगळ्या प्रश्नांत माणसाला लागणारा हा एकच आजार आहे. हा मावा, हाही वायरसच. पिलांचे ओठ तीन-चार आठवड्यांत बरे होतात, तोवर बोरो-ग्लिसरीन लावा, हिरवा कोवळा चारा द्या, तोंड दुखते म्हणून दूध पीत नसतील तर वाटीनं पाजा. औषध लावताना हातमोजे घाला, नसतील तर साधी पन्नी गुंडाळा. बोटावरचा फोड फोडू नका, झाकून ठेवा, तोही तसाच जाईल, पण सूज वर चढली किंवा ताप आला तर आपल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, दाखवा आणि बकरीपासून लागलं हे डॉक्टरला आधी सांगा.