प्रत्येक 'ग्रोथ' म्हणजे वाढ नव्हे, भाऊ

तुझा पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कापसाच्या झाडावरच्या, इंग्रजी माहितीपत्रकाचा अनुवाद वाचला. दिसला 'ग्रोथ' की टाकली 'वाढ'! झाडाला ते चालतं. 'कायिक वाढ', 'वाढनियंत्रक' हे रुळलेले शब्द आहेत. पण युरिया जास्त झाला, झाड कमरेच्या वर गेलं अन् पात्या, म्हणजे फुलकळ्या, मोजक्याच, तर आपला शेतकरी म्हणतो, 'पऱ्हाटी माजली.' तेच लिही. 'ग्रो कॉटन' म्हणजे कापूस 'वाढवणं' नाही, कापूस घेणं. अर्थव्यवस्थेची मात्र वृद्धी.

मी नवीन असताना एका आजीच्या रिपोर्टातल्या 'ग्रोथ'ला वाढ म्हणून बसलो. आजी खूश! तिथं अर्थ होता गाठ. तेव्हापासून रिपोर्ट आला की डॉक्टरकडेच पाठवतो.

गंमत म्हणजे इंग्रजीतले 'ग्रो', 'ग्रीन' आणि 'ग्रास' एकाच मुळाचे, म्हणजे हिरवळीतलेच. जुन्या इंग्रजीत माणसांच्या वाढीला सहसा 'वॅक्स' म्हणत. तो आता मुख्यतः चंद्राच्या वाढत्या कलेपुरता उरला. आपल्याकडे 'वृध्' धातूपासून वाढ, वृद्धी अन् वृद्धसुद्धा. वर पंगतीत वरणही वाढतो!

आणि हो, 'ग्रोन-अप'ला 'वाढलेला' लिहिलंस, ते आधी खोड. मोठं माणूस लिही.