ठाण्यातून देवघर न्यायचंय? आधी देव मोजा

परदेशातून सुट्टीत ठाण्यात आलं की जांभळी नाक्यावर ताम्हन, पळी-पंचपात्र घेता घेता देवघराचंही घाईत ठरून जातं. निघण्यापूर्वी तिकडच्या घरी एवढं करा: टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा रोजच्यासारखं वर्तमानपत्रावर मांडा आणि कडेने पेन्सिल फिरवा. पुढे ताम्हनासाठी ९-१० इंच सोडा. हा कागदच सुताराला द्यायचा. मांडी घालून पूजा करणार असाल तर देवांची फळी जमिनीपासून २०-२२ इंचांवर हवी, उभ्याने करणार असाल तर ४० च्या पुढे.

संगमरवराचा मोह नको. २ फूट बाय दीड फूट, १८ मिमी जाडीची एकच लादी साडेतेरा किलोच्या आसपास भरते. वर चिंच-लिंबाने घासलेल्या भांड्यांचं पाणी सांडलं की चकाकी जाते, कारण आम्ल दगडच खातं.

सागवानाची दारं छान दिसतात, पण ठाण्याच्या पावसाळी हवेत लाकूड फुगलेलं असतं. हीटर चालणाऱ्या घरात ते हिवाळ्यात सुकून आकसतं. दाराची फळी चौकटीला फेविकॉलने पक्की चिकटवली असेल तर मधोमध तडकते. म्हणून ती खाचेत मोकळी बसवायला सांगा, दोन्ही बाजूंना २-३ मिमी वाव ठेवून. सुतार "चिकटवलं की मजबूत" म्हणेल, ऐकू नका. खोका मात्र १८ मिमी प्लायचाच करा, पाठ ६ मिमीची. तुकडे २४ बाय १६ इंचांच्या आत ठेवून स्क्रूने जोडायचे केले की मोठ्या बॅगेत आडवे बसतात; एकेक तीन किलोच्या आसपास भरतो. ठाण्यातच एकदा जोडून पाहा, जोडांवर आकडे घाला, मग सुटं करा.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला लाकडी वस्तू उतरल्यावर जाहीर करावीच लागते. साल किंवा किडीची भोकं दिसली तर अडवतात. कापूर बॅगेत टाकू नका, ज्वालाग्राही म्हणून तो विमानात चालत नाही. काडेपेटीही सामानात नको.

ईशान्य कोपऱ्यात रेडिएटर (खोली तापवणारा भिंतीवरचा हीटर) असेल तर बिनदिक्कत दुसरा कोपरा घ्या. निरांजन खोक्याच्या आत नको, वरची फळी तापते. त्यासाठी खाली बाहेर ओढता येणारी फळी करा आणि तीवर पितळी ताट ठेवा. उदबत्तीने स्मोक अलार्म वाजतो म्हणून बॅटरी काढून ठेवणारे बरेच असतात. तसं मुळीच करू नका; उदबत्ती उघड्या खिडकीपाशी लावा, धूप बाल्कनीत. भिंत प्लास्टरबोर्डची, म्हणजे जिप्समच्या पातळ पाट्यांची, असेल तर नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू देवघरासकट खाली येईल. आतला उभा लाकडी खांब शोधा, अमेरिकेत तो बहुधा दर १६ इंचांवर असतो.