कमी पावसाच्या भागातल्या काळ्या, चिकण कुरणाच्या जमिनीची वैशिष्ट्यं काय? तिथे झाडं लावावीत का?

प्रश्न वाचला आणि आमचे दाजी डोळ्यांपुढे उभे राहिले. तुम्ही लिहिलंय की वडिलोपार्जित सहा एकर कुरण आहे, पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर, माती 'काळी, भारी आणि सुपीक', मग एवढी चांगली जमीन गवताखाली वाया का घालवायची? हे 'वाया घालवायची' दाजींचंच. शब्द न् शब्द.

आमचं कुरण सात एकर, करमाळ्याच्या बाजूला, ओढ्याला लागून. वरच्या अंगाला मुरमाड माळ, खाली काळी. वडील होते तोवर तिथे बैल चरायचे आणि दिवाळीनंतर गवताच्या गंजी लागायच्या. ते गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दाजी आले. नुकतेच सेवानिवृत्त झालेले, वर दोन दिवसांचं कसलंसं वृक्षलागवडीचं शिबिर करून आलेले. ढेकूळ हातात घेऊन म्हणाले, "अरे, लोक ही माती ट्रॉलीनं विकत घेतात आणि तू तिच्यात गवत वाढवतोस?" मी काही बोललो नाही. ताईचा नवरा, वयानं मोठे, त्यात बोलण्यात फर्डे. गप्प बसलो ही चूक माझी.

मे महिन्यात ४०० खड्डे काढले, दोन बाय दोन फुटांचे. भोवती सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. जूनअखेर चिंच, आवळा, कडुलिंब, करंज लावून झाले. खर्च निम्मा-निम्मा ठरला होता. त्यातला कोणाचा निम्मा प्रत्यक्ष आला ते इथे लिहीत नाही.

जुलैत एका रात्री मोठा पाऊस झाला. सकाळी गेलो तर प्रत्येक खड्डा काठोकाठ भरलेला. दाजींचा फोन आला, "बघ, कसं पाणी धरलंय!" पाणी धरलं होतं खरं. नऊ दिवस धरलं. ही माती कोरडी असते तेव्हा भेगांमधून पाऊस गटागटा पिते, पण एकदा ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, आणि मग तासाला एखादा मिलिमीटर पाणीसुद्धा खाली जात नाही. अशा जमिनीत काढलेला खड्डा म्हणजे पुरलेली बादली. त्यात आम्ही खणताना फावड्याच्या पात्यानं खड्ड्याच्या भिंती चोपून गुळगुळीत केलेल्या. पाणी जाणार कुठून? आधी कडुलिंब पिवळा पडला, मग आवळा. पाणी उपसायला आत जावं तर चार पावलांत एकेका चपलेला दोन-दोन किलो चिखल. शेवटी चपला बांधावर काढून ठेवल्या.

ऑगस्ट कोरडा गेला. जगलेली रोपं थोडी सावरली, दिवाळीपर्यंत बरी दिसत होती. मग हिवाळ्यात जमीन फाटायला लागली. भेगा नेमक्या खड्ड्यांच्या कडेनं गेल्या, कारण भरलेली माती आणि मूळची माती यांचा सांधा तिथेच. जानेवारीत चिंचेचं एक वाळलेलं रोप उपटलं तर ते अलगद हातात आलं. सोटमूळ वीतभर खोलीवर तुटलेलं होतं, दोन्ही बाजूंनी ओढून दोरा तोडावा तसं. शेजारच्या भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला. मग तारेचा तुकडा सोडला, तो साडेतीन फुटांवर टेकला.

पाडव्याला मोजदाद केली. ४०० पैकी ३१ झाडं हिरवी. त्यातल्या २२ बाभळी, ज्या आम्ही लावल्याच नव्हत्या. शेळ्यांच्या लेंड्यांतून आलेल्या. कुंपणाचे खांब तोवर दारू प्यायल्यासारखे दहा दिशांना कलले होते. जमीन फुगते तेव्हा खांब उचलते आणि आकसते तेव्हा सोडून देते. दाजींचं म्हणणं, खांब पुरणाऱ्यानं कामचुकारपणा केला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. ही माती बेसॉल्टची लेक, आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाची. तिच्यात चिकणकणांचं प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असतं, आणि त्यातही स्मेक्टाइट गटातलं खनिज, जे पाणी पिऊन फुगतं नि वाळलं की आकसतं. सगळे खेळ त्याचेच. हिवाळ्यात तीन-चार फूट खणून पाहा. खाली तिरकस, चकाकणारे पृष्ठभाग दिसतील, फाळ घासून गेल्यासारखे. फुगलेले थर एकमेकांवर घसरतात त्याच्या त्या खुणा. वरची खपली उन्हाळ्यात भुगा होऊन भेगांत पडते, म्हणजे जमीन स्वतःच स्वतःला हळूहळू ढवळत असते. गवताचं बीही त्याबरोबर खोल जाऊन गाडलं जाऊ शकतं, हे लक्षात ठेवा.

आणि काळी म्हणजे सुपीक, हे डोक्यातून काढून टाका. रंगावर जाऊ नका. सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आत, नत्र कमी, स्फुरद असला तरी चुन्यात अडकलेला. कॅल्शियम, मॅग्नेशियम मात्र भरपूर.

पाण्याचं गणित तर आणखी उलटं. मीटरभर खोल काळी पिकाला उपयोगी पडेल असं १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठवू शकते. म्हणून तर आपल्याकडे मालदांडी ज्वारी नुसत्या ओलीवर येते. पण तेवढं पाणी आधी आत जायला हवं ना? दहा मिलिमीटरची सर आली तर वाळलेली काळी दीड इंच भिजते आणि दोन उन्हांत ती ओल उडून जाते. तीच सर मुरमाड माळावर चार इंच खाली उतरते आणि उन्हापासून वाचते. शिवाय चिकणमाती पाणी इतकं घट्ट धरते की तिच्यात शेकडा वीसच्या आसपास ओल असतानाही गवत मान टाकतं. आमच्याकडे जूनमध्ये वरचा माळ हिरवा होतो आणि खालची काळी तशीच भुरकट राहते. वडील असताना चुलते यावरून त्यांना टोमणे मारायचे, "भारी जमिनीची निगा नाही रे तुला." निगेचा काही संबंध नव्हता. काळीची पाळी सप्टेंबरात येते. माळ पिवळा पडतो तेव्हा ती हिरवी असते, पार दिवाळीनंतरपर्यंत. दोन्ही जमिनी असलेला माणूस खरा भाग्यवान. तुमच्याकडे नुसतीच काळी असेल तर जून-जुलैच्या चाऱ्याची सोय दुसरीकडे बघा.

चराईबद्दल एकच गोष्ट, पण ती पाळाच. वाफसा येईपर्यंत, म्हणजे पाय रुतणार नाही इतकी जमीन सुकेपर्यंत, जनावर आत सोडायचं नाही. ओल्या काळीत गाईचा खूर वीतभर रुततो, गवताची ठोंबं मुळासकट चेपली जातात, आणि वाळल्यावर त्या खुरांच्या वाट्या दगडासारख्या होतात. आमची एक गाय ओढ्याजवळ पोटापर्यंत रुतली होती, चौघांनी बाजेची फळी घालून काढली. त्या वर्षापासून मी पावसाळ्यात कुरण बंदच ठेवतो. गवत बी धरून झालं की कापून नेतो, आणि मग कापून उरलेल्या बुडख्यांवर जनावरं सोडतो. दोन पावसाळे असे पाळले तेव्हा कुसळीचं टोचरं गवत मागे हटलं आणि चाऱ्याचा मारवेल पसरला. मारवेलाची ठोंबं मी ओढ्याच्या काठावरून आणून लावली, बी टाकलं नाही. खर्च दोन मजुरांचा. शेडा, पवना या गवतांना निचरा लागतो, ती वरच्या अंगालाच बरी. कुंदा हे गवत आलं तर कुरणात चालेल, पण शेजाऱ्याच्या ज्वारीत तण म्हणून गेलं तर शिव्या खायची तयारी ठेवा.

झाडं? लावायचीच असतील तर बाभूळ नाहीतर हिवर, तीही खड्ड्यात न लावता उंचवट्यावर, आणि मोजकी. शेंगा शेळ्यांना होतात. सलग समतल चर काढायला कोणी सांगितलं तर हात जोडा. ते डोंगरउतारावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीचं काम. खोल काळीत चराच्या कडा पहिल्याच पावसाळ्यात ढासळतात आणि आतलं पाणी डासांच्या उपयोगाचं राहतं. आणि झाडं नाहीत म्हणजे जमीन पडीक, हे कोणी ठरवलं? नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे, रेहेकुरीला काळविटांसाठी. दोघांनाही उघडा माळच लागतो.

हे सगळं माझ्या सात एकरांवरून सांगतोय. तुमची माती दीड-दोन फुटांवर मुरूम लागणारी असेल तर निचरा बरा असेल आणि माझं निम्मं बोलणं लागू होणार नाही, कडुलिंबही येईल कदाचित. तेव्हा आधी चार ठिकाणी खणून बघा. दुसरं, एक वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात ठेवा, ढवळू नका. नुसतं विरघळून खाली बसलं तर ठीक. भोवती दुधासारखा गढूळपणा पसरला आणि दुसऱ्या दिवशीही निवळला नाही, तर जमीन चोपणाकडे झुकली आहे, म्हणजे सोडियम वाढून बिघडत चालली आहे, असं समजा. मग माती परीक्षण करून जिप्समचा हिशोब करावा लागेल, गवताचा विचार त्यानंतर.

जिप्सम म्हणतोय, चुना नाही. गेल्या दिवाळीत दाजींनी जेवताना पुन्हा विषय काढला, की त्या वेळी खड्ड्यांत आधी चुना टाकला असता तर झाडं जगली असती. मी उठून परसातून त्याच कुरणाचं एक ढेकूळ आणलं, त्यातला चुनखडीचा खडा वेगळा काढला आणि त्यांच्यासमोर त्यावर संडास साफ करायच्या ॲसिडचे चार थेंब टाकले. फसफसून फेस आला, म्हणजे चुना मातीत आधीच होता. ताई म्हणाली, "पानं वाढलीत, हात धुऊन या दोघं."